अमेरिकेतलं टर्नटेबल: ठिपके स्थिर दिसतात, तरी गायकाचा सूर उतरलेला का?

पन्हाळारोड (कोल्हापूर):

नमस्कार मंडळी. आत्या न्यू जर्सीला असते. यंदा तिने घर बदललं तेव्हा आतोबांचं जुनं, बेल्टवर चालणारं टर्नटेबल ओळखीच्यांच्या सामानातून माझ्यासाठी पाठवून दिलं. इकडे आजोबांच्या एलपी ट्रंकेत पडून होत्या. बहुतेक एचएमव्हीच्या, शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. त्यांच्या खाली धोतराच्या कापडात गुंडाळलेल्या लाखेच्या तबकड्याही आहेत. यंत्र ११० व्होल्टचं, म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावलाय. अ‍ॅम्प्लिफायर जुनाच, पण त्याला फोनोची, म्हणजे टर्नटेबल जोडायची, जागा आहे.

वाजतंय, पण आवाज जड येतो. सगळेच गायक घसा बसल्यासारखे वाटतात आणि तबला रेंगाळतो. एका बुवांची हीच एलपी कुणीतरी इंटरनेटवर चढवली आहे. ती घरच्या पेटीवर ताडून पाहिली तर सा काळी एकला मिळतो. माझ्याकडे तोच सा खालच्या काळी पाचला लागतो. स्पीडचा खटका ४५ वर करून पाहिला तर काळी दोनला गेला. म्हणजे दोन्हीकडे चुकलेलंच.

स्पीड चुकला असेल म्हणून थाळीच्या कडेचे ठिपके ट्यूबलाइटखाली पाहिले. अजिबात हलत नाहीत. ठिपके स्थिर म्हणजे स्पीड बरोबर, असं जिथे तिथे वाचलंय. नवा बेल्टही टाकून झाला, काही फरक नाही.

बाकी तक्रारी अशा. मागे सतत घूंऽऽ असा आवाज असतो. तबकडी संपत आली की स, श, च फुटतात. माडीवर कुणी चाललं की सुई उडते. सुईचा भार मी एक ग्रॅमवर ठेवलाय, कारण एका मित्राने सांगितलं की जितकं हलकं तितकी तबकडी कमी झिजते. जाणकारांनी सांगावं, कुठून सुरुवात करू?


मंगळवारपेठी (पुणे):

मोटार जड झालेली दिसते. जुन्या बाजारातून मी अशी यंत्रं उचलत असतो, पुष्कळांना हाच रोग असतो. थाळी उचलून मधल्या खांबावरचं मेणासारखं झालेलं जुनं वंगण पुसून काढा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब द्या. पुली आणि थाळीची आतली कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तिथे बोटाचं तेल लागलं की नवा बेल्टसुद्धा घसरतो.


गांधारपंचम (सांगली):

तेलपाणी करायला हरकत नाही, पण इथे रोग वेगळा आहे. बेल्ट घसरत असता किंवा मोटार दमत असती तर ठिपके सरकताना दिसले असते. ते स्थिर आहेत याचा अर्थ यंत्र एका पक्क्या वेगाने फिरतंय. फक्त तो वेग ३३ १/३ नाही.

अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५० ची. तुमच्या यंत्रात सिंक्रोनस मोटार असणार. अशी मोटार व्होल्टेजवर नाही, हर्ट्झवर चालते. बऱ्याच टर्नटेबलांतली मोटार ६० हर्ट्झला मिनिटाला ३०० फेरे घेते, तीच ५० ला २५०. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरले, हर्ट्झ होते तेच राहिले. त्यामुळे तुमची थाळी ३३ १/३ ऐवजी २७.८ फेरे घेतेय. सुराच्या हिशेबात हे तीन पट्ट्यांहून किंचित जास्त उतरतं. काळी एकपासून खाली मोजा: पांढरी एक, पांढरी सात, काळी पाच. ४५ चा खटका लावलात की ३७.५ फेरे होतात, म्हणजे मूळ सुराच्या दोन पट्ट्या वर, काळी दोन. तुमच्या कानाने अगदी नेमकं पकडलंय.

आता ठिपके. चोकवाली ट्यूब आपल्या विजेवर सेकंदाला १०० वेळा उजळते. तुमच्या थाळीवर ६० हर्ट्झसाठीचे ठिपके आहेत, ३३ च्या ओळीत ते २१६ भरतील. मिनिटाला २७.८ फेऱ्यांनी २१६ ठिपके फिरले की एका जागेवरून सेकंदाला बरोबर १०० ठिपके जातात. ट्यूब उजळते त्या प्रत्येक क्षणी पुढचा ठिपका आधीच्याच्या जागी आलेला असतो, म्हणून सगळं थांबल्यासारखं दिसतं. वीजही पाच षष्ठांश आणि थाळीही पाच षष्ठांश, त्यामुळे या दोघांत फरक कधी दिसणारच नाही. आपल्याकडे १८० ठिपक्यांची चकती लागते. ती छापून थाळीवर ठेवलीत तर ठिपके उलटे पळताना दिसतील. नव्या एलईडी दिव्याखाली मात्र हे पाहू नका, त्यातले बरेच दिवे असे लुकलुकतच नाहीत.

आणखी सोपं सांगते. लेबलवर कागदाचा कपटा चिकटवा, तबकडी सुईसकट चालू ठेवा, मोबाइलवर तीन मिनिटं लावा आणि कपट्याचे फेरे मोजा. शंभर भरायला हवेत. तुमचे त्र्याऐंशी भरतील.

मी पेटीची साथ करते. वडिलांचं मिरजेत रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त झालेलं यंत्र गिऱ्हाइकाला देण्याआधी ते एक ठरलेली तबकडी लावत आणि मला पेटी घेऊन बसवत. मी सा दाबून धरायचा. तबकडीतला तानपुरा आणि पेटी यांच्यात फरक असला की आवाजाला लाटा येतात, वांऽवांऽवांऽ अशा. वडील स्पीडचा स्क्रू केसभर पिळत जायचे, तशा लाटा लांब आणि संथ व्हायच्या, आणि शेवटी दोन सूर एक व्हायचे. त्यामुळे या यंत्राच्या बाबतीत माझ्या मनात क्रम पक्का आहे: सूर आधी, बाकी सगळं मागाहून. खरखर असली तर कान तिच्याखालून गाणं शोधून काढतो. उतरलेल्या सुराचं तसं नाही, कान तो खराच धरून चालतो. वेग सहाव्या हिश्शाने घटला की विलंबित आणखी लांबतं, गमक जड होते, तानेचा दाणा सुटा राहत नाही. ज्याने त्या बुवांना समोर बसून ऐकलं नाही त्याला वाटणार, ते असेच गात असत. गेलेल्या गायकाबद्दल अशी खोटी साक्ष घरोघर वाजत राहावी हे मला खरंच सहन होत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. खयाल गाणारा पेटीच्या पट्टीला बांधलेला नसतो, तानपुरा दोन पट्ट्यांच्या मध्येही लावलेला असू शकतो. थोडा फरक दिसला की लगेच यंत्राला दोष देऊ नका, फेरे मोजा. नाट्यसंगीताच्या तबकडीत ऑर्गन असतो, त्याची पट्टी हलत नाही, तिथे ताडणं सोपं जातं.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. एक ग्रॅमचा भार आजच बदला. हलकी सुई खोबणीत नीट बसत नाही. जोरकस जागा आली की ती भिंतीवरून सुटते आणि परत आदळते. स-श फुटतात तेव्हा बऱ्याचदा हेच चाललेलं असतं, आणि खोबणीच्या भिंतीला पडलेला टवका पुन्हा भरून येत नाही. कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई जिला बसते त्या डबीच्या, कंपनीने जो पल्ला दिलाय त्याच्या मधोमध किंवा किंचित वर राहावं. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई ला २ ग्रॅम लागतात, ऑर्टोफॉनच्या टू-एम रेडला १.८, स्वस्तातल्या एटी३६००एल ला ३. तुमच्यावर कोणती आहे ते हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज जिथे बसते ते हाताचं टोक, उलटं करून बघा आणि लिहा.

भार लावायची रीत अशी. अँटिस्केट, म्हणजे सुई आत ओढली जाऊ नये म्हणून दिलेला बाहेरचा ताण, शून्यावर आणा. सुईचं झाकण काढा, सुईचा हात (टोनआर्म) थाळीच्या बाहेर मोकळा सोडा, आणि मागचं वजन फिरवत फिरवत असं आणा की हात हवेत आडवा तरंगेल. मग वजन न हलवता फक्त आकड्यांची कडी शून्यावर घ्या. त्यानंतर वजन आणि कडी एकत्र फिरवून हवा तो आकडा. एवढ्या जुन्या कडीवर पूर्ण भरवसा ठेवू नका, सुईसाठीचा छोटा डिजिटल काटा घ्या. साधा सराफी काटाही चालतो, पण त्याची ताटली लोखंडाची नको, कार्ट्रिजमधलं चुंबक तिकडे ओढ घेतं. शिवाय ती तबकडीच्याच उंचीला हवी, नाहीतर आकडा चुकतो. भार लागला की अँटिस्केट त्याच आकड्याच्या आसपास ठेवा. तो फार किसण्यात अर्थ नाही.

तबकडीच्या शेवटी जास्त फुटतं यालाही कारण आहे. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर खोबणी जाते, आत लेबलाजवळ फक्त २१ सेंटिमीटरच्या आसपास. तेवढाच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. आपल्या संगीतात तर द्रुत बंदीश आणि तराणा नेमके त्याच भागात येतात. म्हणून कार्ट्रिज सरळ बसवायला कोनमापक हवाच. इंटरनेटवर छापायला मिळतो, पण छापताना शंभर टक्के माप ठेवा आणि पट्टीने मोजून खात्री करा. त्यावर मध्यापासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर दोन खुणा असतात. सुईचं टोक खुणेवर टेकवायचं आणि कार्ट्रिजची कड रेघांना समांतर दिसली पाहिजे, दोन्ही ठिकाणी. एका ठिकाणी जुळलं आणि दुसरीकडे तिरकं दिसलं तर हेडशेलचे दोन स्क्रू सैल करून कार्ट्रिज तसूभर पुढेमागे करा. हे करताना वरून पाहू नका, डोळा सुईच्या पातळीला आणा. घाई करू नका, अख्खी दुपार गेली तरी चालेल.

सुई टिकवायला बसू नका. आतोबांच्या काळची असेल तर तिच्या दांडीला धरून ठेवणारं रबर कडक झालेलं असणार. हिरा शाबूत असला तरी तिला लवचीकपणा उरलेला नसतो. अशा वेळी नुसती सुई बदलण्यापेक्षा सबंध कार्ट्रिज नवी घ्यावी.

घूं आवाजासाठी मागच्या लाल-पांढऱ्या वायरींसोबत एक बारीक सुटी वायर येते, ती अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूला आवळा. सॉकेटमध्ये खरोखर अर्थ आहे का तेही वायरमनकडून पाहून घ्या, जुन्या घरांत तिसरं भोक कधीकधी नुसतंच असतं. आणि तो ट्रान्सफॉर्मर टर्नटेबलशेजारी ठेवला असेल तर आधी लांब न्या. कार्ट्रिज मिलिव्होल्टमध्ये बोलते, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र तिला लगेच बाधतं.

माडीचं काय, तर तक्तपोशी आहे ना? मग टेबल कितीही जड आणलंत तरी पावलागणिक ते हलणारच. भिंतीत ब्रॅकेट ठोकून जाड फळी टाका, त्यावर यंत्र ठेवा, पाणसळ थाळीवर ठेवून दोन्ही दिशांनी पाहा. त्याच फळीवर स्पीकर ठेवू नका.


पन्हाळारोड:

ताई, फेरे मोजले. त्र्याऐंशी आणि वर थोडं. कपटा फिरत होता, शेजारी बाबा बसून मोजत होते, आकडा जुळला तेव्हा दोघेही चकित झालो. ट्रान्सफॉर्मर खरंच टर्नटेबलला चिकटून होता. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला तर निम्म्याहून जास्त घूं गेलं.

कार्ट्रिजवर नाव उरलेलं नाही, त्यामुळे नवी मागवतोय. आता हे सांगा: वेग वाढवायला मोटारची पुली बदलावी लागणार ना, ती कुठून आणायची, की हे यंत्र इथे बिनकामाचं? लाखेच्या तबकड्या यावर वाजतील का? आणि एलपींवर पांढरट ठिपके आलेत, कव्हर उघडलं की कुबट वास येतो. मी लहान आहे सगळ्यांत, मला अरे-तुरे करा.


दर्यावर्दी (दापोली):

पांढऱ्या ठिपक्यांचं मी सांगतो, आमच्याकडे ते दर पावसाळ्यात येतात. ती बुरशी. बाहेरून दिसते तेवढीच नसते, खोबणीत उतरलेली असते आणि वाजवताना टक् टक् ऐकू येते. कोरड्या फडक्याने पुसलीस तर एका जागची उचलून सगळीकडे पसरवशील, आणि धुळीचे कण खोबणीत घासले जातील ते वेगळंच. तोंडाला रुमाल बांध, काम गच्चीवर किंवा पडवीत कर, घरात नको.

नळाचं पाणी वापरू नकोस, त्यातले क्षार वाळून खोबणीत बसतात. गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ना पेट्रोल पंपावर, तेच घे, पण बाटलीवर डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड लिहिलेलं पाहून. अ‍ॅसिडची बाटली तिथेच शेजारी असते. चार वाटी पाण्याला एक वाटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, बस. मऊ मायक्रोफायबर फडकं त्यात भिजवून खोबणीच्या दिशेने, गोल गोल, हलक्या हाताने फिरव. आडवं घासायचं नाही. लेबल कोरडं ठेव. मग नुसत्या बॅटरीच्या पाण्याने दोनदा धू, साबण राहिला तर तोही सुईला चिकटतो. उभी ठेवून पंख्याखाली वाळव. मी भांड्यांच्या जाळीत ओळीने लावतो.

उन्हात नको, पाच मिनिटंसुद्धा नको. आमच्या आळीत एकाने गाडीच्या मागच्या काचेखाली पिशवी विसरली होती. त्यातल्या तबकड्यांच्या कडा लाटांसारख्या वर आल्या, त्या पुन्हा सपाट झाल्या नाहीत.

आतलं कागदी पाकीट ओलसर वासाचं असेल तर फेकून दे, नाहीतर धुतलेली तबकडी परत त्याच बुरशीत जाते. नवी पॉलिथिनची घे. आजोबांनी हौसेने जाड, चिकट, गुळगुळीत प्लास्टिकची कव्हरं घातली असतील तर तीही काढ. तसलं मऊ प्लास्टिक वर्षानुवर्षं तबकडीला टेकून राहिलं की तिच्यावर धुरकट डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. वरचं चित्रांचं कव्हर मात्र जपून ठेव, कोरड्या ब्रशने झटकून. तबकड्या उभ्या ठेव, पुस्तकासारख्या, बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या असतील तर तव्यावर परत परत तापवून कोरड्या करत राहा, एकदा ठेवून विसरलास तर त्यांचा उपयोग नाही.


गांधारपंचम:

दर्यावर्दींनी सांगितलं ते सगळं एलपीला लागू. लाखेच्या तबकड्यांना त्यातलं अल्कोहोल चुकूनही लावू नकोस, रे. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, खोबणीच पुसली जाईल. त्यांना बॅटरीचं पाणी आणि साबणाचा थेंब, पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं, भिजत ठेवायचं नाही. आणि त्या पडल्या तर थेट तुकडे होतात, तेव्हा एका वेळी एकच उचल, दोन्ही हातांनी, कडेला धरून.

पुलीचं सांगते. यंत्र बिनकामाचं मुळीच नाही. तळाशी कंपनीचं नाव आणि मॉडेल असेल ते घेऊन ५० हर्ट्झची पुली शोध. त्याच मॉडेलचं युरोपात विकलेलं यंत्र ५० ची पुली घेऊनच गेलेलं असतं, त्यामुळे सुटे भाग विकणाऱ्यांकडे ती मिळण्याची आशा असते. जपानी बनावटीचं असेल तर काम आणखी सोपं. जपानात पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झ आहे, म्हणून त्यांच्या कितीतरी यंत्रांसोबत दोन्ही पुल्या येत. आतोबांच्या खोक्यात, थाळीखाली टेपने चिकटवलेली, कुठे दुसरी पुली आहे का ते आत्याला आधी विचार.

नाहीच मिळाली तर लेथवाल्याकडून करून घेता येते, कोल्हापुरात चांगल्या हाताचे कारागीर आहेत. व्यास जुन्याच्या सहा पंचमांश हवा: १० मिलिमीटरला १२. ३३ आणि ४५ या दोन्ही पायऱ्यांचा. जुनी पुली नमुन्याला द्यायची, तिचा किंचित फुगीर पोट असलेला आकारही तसाच ठेवायला सांगायचं, त्यामुळेच बेल्ट मधोमध टिकतो. पण खरी परीक्षा भोकाची. भोक केंद्रापासून केसभर सरकलं तर पुलीच्या प्रत्येक फेऱ्याला वेग चढउतार करतो आणि षड्जावर ठेहराव घेतलेला गायकही थरथरतो. एका स्थिर, लांब सुराची जागा लावून ऐक, लगेच कळेल. पुलीवर चिकटपट्टी गुंडाळून व्यास वाढवायचा सल्ला कुणी देईल. इथे दोन मिलिमीटर वाढवायचे आहेत, तेवढी पट्टी गोल बसत नाही, तो उद्योग करू नकोस.

तिसरा मार्ग, ६० हर्ट्झची शुद्ध वीज तयार करून देणारा टर्नटेबलचा पॉवर सप्लाय. महाग पडतो, पण वेग बारीकही जुळवता येतो, आणि तुझ्यासारख्या पेटी घेऊन बसणाऱ्याला ते सुख मोठं आहे. थाळीवरचे ठिपके मात्र मग विसरायचे. ट्यूब ५० वर आणि थाळी ६० वर चालली की वेग बरोबर असूनही ते पळताना दिसतील. १८० ची छापील चकतीच प्रमाण मानायची.

लाखेच्या तबकड्या या यंत्रावर थेट वाजणार नाहीत. त्यांना ७८ चा वेग हवा, तो तुझ्याकडे नाही, आणि सुईही वेगळी. एलपीच्या सुईचं टोक १८ मायक्रॉनच्या आसपास, लाखेच्या खोबणीला ७५ च्या आसपासचं लागतं. एलपीची सुई त्या रुंद खोबणीच्या तळाला घासत जाते, तिथे गाणं नसतं, नुसता गाळ असतो. नवी कार्ट्रिज घेतोच आहेस तर जिची ७८ ची सुईही मिळते अशी घे. व्हीएम९५ मालिकेत तशी सुई आहे, एसपी नावाची, तिला भार ५ ग्रॅमच्या आसपास लागतो. सुई बदललीस की भार बदलायला विसरू नकोस, आणि ती सुई एलपीवर टेकवूही नकोस.

वेगासाठी वाट अशी आहे: पुली आल्यावर ४५ वर वाजवून संगणकात ध्वनिमुद्रण करायचं आणि तिथे वेग ७८ ला न्यायचा. अ‍ॅम्प्लिफायरचा फोनो भाग एलपीच्या हिशेबाने मंद्र वाढवतो आणि तार कमी करतो. लाखेच्या काळात हे माप एकसारखं नव्हतं, शिवाय वेग बदलल्याने तेही सरकतं, म्हणून मंद्र-तार नंतर कानाने बेतावे लागतात. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो कर. त्या तबकड्यांत गाणं सुईच्या आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीत नुसती खरखर. मोनो केलं की ती बरीच गळून पडते.

आणि ७८ हा आकडाही डोळे मिटून मानू नकोस. भारतात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली, ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक गाइसबर्ग कलकत्त्याला आले तेव्हा. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, त्याआधीच्या तबकड्यांचा वेग बराच मागेपुढे असायचा. सत्तरच्या आसपासही सापडतात, ऐंशीच्या वरही. सहा टक्क्यांचा फरक म्हणजे एक अख्खी पट्टी. अशा तबकडीला फेरे मोजून उपयोग नाही, कारण मुळात ती किती फेऱ्यांवर भरली होती तेच लेबलवर नसतं. तिथे साथीला पेटी किंवा ऑर्गन असेल तर त्याची पट्टी आधार, नसेल तर त्याच गायकाच्या नंतरच्या, विजेवर भरलेल्या तबकडीतला सा. तोही नसेल तर दोन-तीन वेगांवर ऐकायचं आणि बोलाचे उच्चार कुठे माणसासारखे वाटतात ते पाहायचं. उतरलेल्या वेगाला आ आणि ओ एकमेकांत मिसळतात, चढलेल्याला ई किरटी होते.

तुझ्या गठ्ठ्यात नेमकं काय आहे ते कळू दे. लेबलांचे फोटो टाक, आणि लेबलच्या बाहेर मोकळ्या जागेत कोरलेला नंबरही टिपून घे, टॉर्च तिरका धरलास की दिसतो. ध्वनिमुद्रणाचा काळ त्यावरूनच लावता येतो. ज्यांना कडेला चीर गेलेली आहे त्या वाजवायच्या नाहीत, पण टाकूही नकोस. दोन तबकड्यांमध्ये कोरा कागद घालून वेगळ्या ठेव.